दादरला प्रोबेट लागतं आणि सदाशिव पेठेत लागत नाही, असं का? थोडी पार्श्वभूमी

आत्या गेली त्याला आता दोन वर्षं होत आली. मूलबाळ नाही, यजमान आधीच गेलेले, पण मृत्युपत्र एकदम व्यवस्थित करून ठेवलेलं, दोन साक्षीदार, रजिस्टर्ड, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणून माझं नाव. आम्हाला वाटलं झालं काम. सदाशिव पेठेतल्या फ्लॅटचं खरंच झालं, सोसायटीने मृत्युपत्राची कॉपी, मृत्यू दाखला, बाकीच्या भाचरांची एनओसी एवढ्यावर शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवून दिलं. पण यजमानांकडून आलेला दादरचा छोटा फ्लॅट होता, तिथले सेक्रेटरी म्हणाले प्रोबेट आणा, त्याशिवाय हात लावणार नाही. एकच बाई, एकच मृत्युपत्र, आणि दोन शहरांत दोन नियम. मला वाटलं सेक्रेटरी अडवून बघतोय. तर नाही, त्या वेळी तो कायद्याने बरोबर होता, आणि हे असं का ते शोधत गेलो तर थेट कंपनी सरकारपर्यंत पोचलो.

आधी प्रोबेट म्हणजे काय ते, कारण यात बरेच जण गोंधळतात. हे मृत्युपत्र खरं आहे, त्या माणसाने शुद्धीत राहून केलंय आणि हेच शेवटचं आहे, यावर कोर्टाचा शिक्का म्हणजे प्रोबेट. प्रॉपर्टी मुळात त्याची होती का, ते प्रोबेट कोर्ट बघतच नाही. आणि रजिस्टर्ड मृत्युपत्र म्हणजे पक्कं असाही आपल्याकडे समज आहे, पण रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही आणि केलं म्हणून आव्हान देता येत नाही असंही नाही.

आता मागे जाऊ. पेशवाईत मृत्युपत्र हा रोजचा प्रकारच नव्हता. एकत्र कुटुंब, वाटा जन्मानेच ठरलेला, आणि ज्याला मूल नाही तो दत्तक घ्यायचा. वतनदाराचा दत्तक असला की सरकारात नजराणा भरायचा आणि मंजुरी घ्यायची, म्हणजे तेव्हाही कागद फुकट मिळत नव्हता! मुंबईत मात्र इंग्रज व्यापारी होते, ते विल करायचे, आणि १७२६ च्या सनदेने तिथे जे मेयर्स कोर्ट आलं त्याला प्रोबेट देण्याचे अधिकार होते. म्हणजे पुण्यात बाजीराव गादीवर असताना मुंबईत प्रोबेटची सोय झालेली होती. पुढे तिथेच त्या काळचं, मुंबईपुरतं सुप्रीम कोर्ट आलं, मग १८६२ ला हायकोर्ट, आणि ही प्रोबेटची सवय मुंबईच्या हद्दीत मुरली.

पुण्याचं वेगळं झालं. १८१८ ला पेशवाई संपली, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात मुंबई शहराबाहेरच्या मुलखासाठी १८२७ ची रेग्युलेशन्स निघाली. त्यातलं आठवं रेग्युलेशन वारसांचं. आणि गंमत म्हणजे ते आजही चालू आहे, शिवाजीनगर कोर्टातून जो वारस दाखला मिळतो तो या १८२७ च्या रेग्युलेशनखालीच. मी ते वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. पहिल्याच कलमात म्हटलंय की वारसाला किंवा एक्झिक्युटरला कोर्टात न येताच मालमत्तेचा कारभार हातात घेता येतो, आधी अर्ज करायची गरज नाही. मग दाखला कशाला? तर ज्यांच्याकडे मयताची मालमत्ता आहे किंवा जे त्याचं देणं लागतात त्यांना या वारसाशी व्यवहार करणं जास्त सुरक्षित वाटावं म्हणून. म्हणजे दाखला तुमच्या हक्कासाठी नाहीच, समोरच्याच्या मनातली धाकधूक जावी म्हणून आहे. बँकेच्या काउंटरवर उभं राहिलं की हे दोनशे वर्षांपूर्वीचं वाक्य अगदी पटतं.

पद्धत पण फारशी बदललेली नाही. अर्ज करायचा, कोर्ट जाहीरनामा काढतं, हरकत असेल तर महिन्याच्या आत या. पेपरच्या आतल्या पानावर बारीक टायपात जी जाहीर नोटीस येते, "तमाम लोकांस कळविण्यात येते की", त्यांत ही पण असते. आमच्या आईला ती पानं वाचायची सवय आहे, कोण गेलं आणि कुणाच्यात भांडण आहे हे तिला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या आधी कळतं.

मग दादरचं काय? तर १८७० ला हिंदू विल्स ॲक्ट आला. १ सप्टेंबर १८७० पासून पुढे हिंदू, जैन, शीख, बौद्ध माणसाने बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या प्रांतात किंवा मुंबई-मद्रास हायकोर्टाच्या मूळ दिवाणी हद्दीत, म्हणजे साधारण त्या दोन शहरांत, केलेलं मृत्युपत्र असेल, किंवा बाहेर केलेलं असलं तरी त्या हद्दीतली स्थावर मिळकत त्यात असेल, तर प्रोबेट घेतल्याशिवाय त्याच्या जोरावर कोर्टात हक्क सांगता यायचा नाही. ही रेघ नकाशावर तेव्हा ओढली गेली. १८८१ च्या कायद्याने पुण्यासारख्या ठिकाणीही प्रोबेट घेता यायला लागलं पण घ्या असं बंधन नाही. १९२५ ला सगळे तुकडे जोडून भारतीय उत्तराधिकार कायदा झाला, त्यात कलम ५७ आणि २१३ मध्ये ही रेघ तशीच उचलून ठेवली. पारशी लोकांना १९६२ ला यात आणलं, ख्रिश्चनांना २००२ ला सोडलं, मुसलमानांना हे कधीच लागू नव्हतं. आत्याचं मृत्युपत्र पुण्यातलं, म्हणून सदाशिव पेठेला काही नाही, पण दादर रेघेच्या आत.

आता पुण्यात बंधन नव्हतं म्हणून प्रोबेटवरून भांडणं झाली नाहीत असं समजू नका. ताई महाराज प्रकरण सगळ्यांनी शाळेत ओझरतं ऐकलेलं असतं, पण ते मुळात प्रोबेटचंच प्रकरण होतं हे किती जणांना माहितीये? सरदार बाबा महाराज पंडित ऑगस्ट १८९७ मध्ये कॉलऱ्याने गेले, टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटलेले. मृत्यूच्या दिवशी मृत्युपत्र झालं, त्यात टिळक आणि आणखी काही जण एक्झिक्युटर. प्रोबेट मिळालं. मग दत्तक कोणाला घ्यायचं यावरून बिनसलं, १९०१ ला ताई महाराजांनी, म्हणजे बाबा महाराजांच्या विधवा पत्नीने, प्रोबेट रद्द करा म्हणून पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज केला. ॲस्टन साहेबाने तो मान्य केला आणि वर टिळकांवरच खोट्या साक्षीचा वगैरे फौजदारी खटला लावून दिला. शिक्षा झाली, १९०४ ला हायकोर्टाने सोडलं, आणि दत्तकाचा दिवाणी वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ ला टिळकांच्या बाजूने लागला. म्हणजे मित्राचा एक्झिक्युटर व्हायला हो म्हटलं आणि जवळपास अठरा वर्षं गेली. आमच्या वकिलांना हे सांगितलं तर म्हणाले, "अहो, मग तुम्ही का हो म्हणालात?"

मधे नॉमिनीचा घोळ पण आहेच. आपल्याकडे नॉमिनी लावला की झालं असं समजतात. १९८४ ला सुप्रीम कोर्टाने विम्याच्या केसमध्ये सांगितलं की नॉमिनी फक्त पैसे घेणारा हात, मालक वारसच. शेअर्सच्या बाबतीत शंका राहिली होती ती डिसेंबर २०२३ ला मिटली, आणि ती केस कालनिर्णयवाल्या साळगांवकरांच्या घरातली. तिथेही तेच, नॉमिनी म्हणजे मालक नाही.

आमचा दादरसाठीचा प्रोबेटचा अर्ज आम्ही शिवाजीनगरलाच टाकला, कारण आत्या राहायला पुण्यात होती. मेट्रोने जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरायचं, बाहेर ॲफिडेव्हिटवाल्यांच्या टेबलांमधून वाट काढत आत जायचं, आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. दोन साक्षीदारांपैकी एक गेलेले, दुसरे शहाऐंशीचे, ते बिचारे ॲफिडेव्हिट करायला काठी टेकत आले आणि सही करताना तीन वेळा म्हणाले की सही हलतेय, चालेल ना.

आणि हे सगळं चालू असताना डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुने कायदे मोडीत काढणारं जे बिल पास केलं त्यात कलम २१३ च वगळून टाकलं. १८७० ची रेघ पुसली, आता दादर आणि सदाशिव पेठ सारखेच. मी आनंदाने सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "कायदा बदलला असेल साहेब, पण उद्या दुसरा कोणी भाचा आला तर कमिटी काय दाखवणार?" प्रोबेट बंद झालेलं नाहीये, फक्त सक्ती गेलीये, त्यामुळे मागणाऱ्याला मागता येतंच. वकिलांचंही म्हणणं पडलं की इतकं पुढे आलोय तर अर्ज काढून घेऊ नका. नोटीस छापून झाली, अजून हरकत आलेली नाही, पुढची तारीख गणपतीनंतरची आहे.