मदतीचा हिशेब कोणाला द्यायचा? : पार्श्वभूमी

आपत्तीत मदत गोळा करणाऱ्या कुठल्याही मंडळाला उत्तरदायित्वाबद्दल विचारले की पावतीपुस्तक पुढे येते. किती जमा झाले, किती खर्चले, ट्रक भरतानाचे फोटो, शेवटी लेखापरीक्षकाची सही. हे सगळे हवेच, पण हा देणाऱ्याला दिलेला हिशेब झाला. ज्याच्या दारात ट्रक थांबला त्याला काय हवे होते, काय मिळाले आणि चुकीचे मिळाले तर त्याने कोणाकडे जायचे, हे प्रश्न मदतकार्याच्या जगात उघडपणे विचारले जाऊ लागले ते गेल्या तीसेक वर्षांत. २००८, २०१६ आणि २०१९ असे तीन मोठे पूर नाशिकने पाहिले आणि आता २०२७चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. म्हणून हा इतिहास इथे मांडत आहे.

जुना संदर्भ आपल्याच मुलखातला आहे. १८७६-७८च्या दुष्काळात सरकारी कामांवरील मजुरी रोजी एक रतल (सुमारे अर्धा किलो) धान्याच्या आसपास आणली गेली, तेव्हा १८७७च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामे सोडली. पुण्यातील एका लोकसंस्थेने तालुक्यातालुक्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. मदत घेणाऱ्यांनी मदतीच्या दर्जाला नकार द्यावा, आणि त्या नकारामागे आकडे उभे करावेत, ही गोष्ट फार मोठी होती. १८८०च्या आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या आणि कुठल्या अधिकाऱ्याने काय करायचे हे कागदावर आले. मजुराने मात्र दाद कशी मागायची, ते आले नाही.

आज आपण ज्या चौकटीत बोलतो तिचा उगम रवांडातला आहे. १९९४च्या एप्रिल ते जुलै या काळात तिथे सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. त्यानंतर जुलैच्या मध्यावर काही दिवसांतच लाखो लोक सीमा ओलांडून झाईरमधल्या (आजच्या काँगोतल्या) गोमा शहराजवळ पोचले. कॉलरा आणि हगवणीने महिनाभरात सुमारे पन्नास हजार माणसे दगावली. दोनशेच्या घरात संस्था तिथे उतरल्या होत्या. काही उत्तम काम करत होत्या, काहींना छावणीत पाणी कसे पुरवायचे हेही ठाऊक नव्हते. त्याहून भयंकर म्हणजे छावण्यांचा ताबा हत्याकांड घडवणाऱ्यांकडेच होता आणि धान्याच्या याद्याही त्यांच्याच हातून जात होत्या. १९९६ साली अनेक देशांनी व संस्थांनी मिळून केलेले पाच खंडांचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. मदतीच्या इतिहासात इतके मोकळे आत्मपरीक्षण आधी झाले नव्हते. मूळ अपयश राजकीय होते, ते झाकायला मदत वापरली गेली, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मदतसंस्थांच्या कामावर कोणाचाही वचक नाही, हेही त्यात आहे.

इथून पुढचा निर्णय मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वचक बसवायचा तर दोन वाटा होत्या. एक, संस्थांनी आपापसांत मानके ठरवायची आणि स्वेच्छेने पाळायची. दुसरी, बाहेरचा कोणीतरी तपासनीस नेमायचा, ज्याच्याकडे छावणीतला माणूस तक्रार घेऊन जाऊ शकेल. दुसऱ्या वाटेचा विचार पुढे ब्रिटनमध्ये काही वर्षे गंभीरपणे चालला. मदतकार्यासाठी लोकपाल, अशीच ती कल्पना होती. २००० सालापर्यंत ती मागे पडली. कारणे खरी होती. युद्धाच्या धामधुमीत लोकपालाचा आदेश अमलात कोण आणणार? त्याला अधिकार कोणत्या देशाचा कायदा देणार? निर्वासित माणूस त्याच्यापर्यंत पोचणार कसा? तिच्या जागी २००३ साली जिनिव्हात संस्थांचीच एक सदस्यसंघटना उभी राहिली. तिचे सभासद व्हायचे की नाही, हे संस्थेने ठरवायचे.

स्वेच्छेची वाट आधीच रुळली होती. १९९७ साली लंडनमध्ये अनुभवांची देवाणघेवाण करणारे जाळे उभे राहिले आणि त्याच वर्षी किमान मानकांचे काम सुरू झाले. त्यातून आलेले आकडे आज जगभरच्या छावण्यांत वापरले जातात : माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, साडेतीन चौरस मीटर छप्पर, वीस माणसांमागे एक शौचालय. या आकड्यांनी जीव वाचवले आहेत. तरीही काही फ्रेंच संस्था या प्रकल्पापासून दूर राहिल्या, आणि त्यांचा आक्षेप आजही वाचण्याजोगा आहे. गोमात प्रश्न लिटरचा नव्हता, पाण्याच्या टाकीवर कोण उभा आहे याचा होता, आणि मारेकऱ्याच्या देखरेखीखाली दिलेले १५ लिटर पाणीही मानकात बसते, असा त्याचा रोख होता. सरकारे या आकड्यांआड लपतील, अशी भीतीही होती.

हा आक्षेप मला पटतो, पण त्यातूनही बाहेरच्या तपासनिसाचीच गरज पुढे येते. नाशिकला याचा अनुभव आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. चौकशी आयोग नेमला गेला, शाही मिरवणुकीच्या मार्गावर आणि गर्दीच्या नियोजनावर प्रशासनाला उत्तरे द्यावी लागली. २०१५चा सिंहस्थ चेंगराचेंगरीविना पार पडला. चौकशीला अधिकार असला की शिकणे केवळ मर्जीवर राहत नाही. मदतसंस्थांच्या जगाने असा अधिकार कोणालाच दिला नाही.

त्याची किंमत २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत दिसली. साडेतेरा अब्ज डॉलरच्या आसपास मदत जमली. २००६ साली आलेल्या संयुक्त मूल्यमापनानुसार बाधित माणसामागे ती सात हजार डॉलरच्या वर गेली. २००४च्याच बांगलादेशच्या पुरात हा आकडा होता सुमारे तीन डॉलर. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले. काही गावांत आधीपेक्षा जास्त होड्या आल्या, तर होडी नसलेल्या मजुरांना आणि मासे विकणाऱ्या बायकांना याद्यांत जागा मिळाली नाही. स्थानिक लोकांची क्षमता बाजूला सारली गेली, हा त्या मूल्यमापनाचा मुख्य निष्कर्ष होता. रवांडानंतरही जवळपास हेच लिहिले गेले होते.

पुढचे थोडक्यात. डिसेंबर २०१४मध्ये वेगवेगळी मानके एकत्र करून नऊ वचनांची एक मुख्य संहिता आली. तक्रारींचे स्वागत हे त्यातले पाचवे आणि सतत शिकणे हे सातवे. २०२४ साली ती सुधारली गेली, पण पडताळणी अजूनही ऐच्छिकच आहे. मदतकार्यावरच्या २०१६च्या इस्तंबूल परिषदेत २०२०पर्यंत किमान २५ टक्के निधी शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांना देण्याचे ठरले. जगभरातला थेट वाटा एकेरी टक्क्यांतच राहिला.

आपल्याकडे मदत मुख्यतः सरकारची, म्हणून इथे हिशेब पंचनाम्याचा. त्यात एक अट फार बोलकी आहे. २०१५ ते २०२० या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत, घर वाहून गेलेले वा पूर्ण पडलेले नसेल तर ते दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असले पाहिजे, तरच कपडे आणि भांड्यांसाठी मदत, असे होते. रक्कम किती, तर कुटुंबामागे कपड्यांचे १,८०० आणि भांड्यांचे २,००० रुपये. अट कोणासाठी लिहिली होती हे उघड आहे. तपासणाऱ्याला मोजता येते, फाईलमध्ये दाखवता येते. पुराची जातकुळी मात्र तिच्यात नाही.

कृष्णा-पंचगंगेचे पाणी दिवसेंदिवस तुंबते. गोदावरीचे नाशिकमध्ये तसे नाही. वरच्या भागात पाऊस कोसळतो, गंगापूर धरणातून विसर्ग वाढतो, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला, मग गळ्याला पाणी लागते, सराफ बाजार आणि भांडीबाजारात शिरते आणि विसर्ग घटला की उतरते. हा खेळ तासांचा. मागे राहतो तो चिखल, भिजलेले धान्य, वाया गेलेला माल आणि नदीकाठच्या झोपडीतली फुगलेली गादी. दोन दिवसांच्या अटीसमोर हे नुकसान झालेच नाही असे ठरत होते. जिथे पाणी खरोखर आठवडाभर होते, त्या सांगली-कोल्हापुरातही २०१९च्या ऑगस्टमध्ये हीच अट शासन निर्णयात दिसली आणि संतापाची लाट उसळली. माणसे छपरावर बसलेली असताना दिवस मोजायचे कसे, असे लोक विचारत होते.

नंतरच्या पुरांत राज्य सरकारने ही अट शिथिल केली. त्यामागे लोकांचा आवाज होता, वर्तमानपत्रांतून आणि मोबाईलवरून घरोघरी पोचलेला. तलाठ्याच्या किंवा पालिकेच्या यादीत नाव नसलेल्याने पुन्हा दाद कोणाकडे आणि किती दिवसांत मागायची, हे पंचनाम्याच्या वेळीच प्रत्येक वस्तीत लेखी लावणे अजून बाकी आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही आणि ते नाशिकमध्ये पुढच्या पावसाळ्याआधी करता येण्याजोगे आहे.