अस्सल तांब्याची केबल की मुलाम्याची?

राउटरपासून गच्चीवरच्या कॅमेऱ्यापर्यंत केबल ओढायची म्हणून दुकानात गेलात, की काउंटरवर दोन बॉक्स येतात. दोन्हींवर 'कॅट ६' (नेटवर्क केबलची प्रत), दोन्ही ३०५ मीटरचे, एक मात्र बराच स्वस्त. दुकानदार म्हणतो, "सेमच आहे हो." सेम नसतं. महागातली तार आख्खी तांब्याची. स्वस्तातली ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा पातळ थर. तिला 'सीसीए' म्हणतात, आणि ही तीन अक्षरं बॉक्सवर असली तर बारीक, नाहीतर नसतातच. एक ग्रॅम सोन्याच्या पाटल्यांचाच प्रकार हा, फक्त पाटल्या लग्नात मिरवून परत डब्यात जातात आणि केबल भिंतीतच राहते.

बरं, जोडल्याबरोबर बिघडली असती तर ती कुणी घेतलीच नसती. पण ती चालते! डेटाचे सिग्नल फार वरच्या फ्रिक्वेन्सीचे असतात आणि ते तारेच्या पृष्ठभागालगतच धावतात, म्हणजे नेमके तांब्याच्या थरातून. दहा-पंधरा मीटरवर स्पीड टेस्ट केली तर फरक दिसतच नाही.

फरक दिसतो तो वीज न्यायची वेळ आली की. पीओईचा (पॉवर ओव्हर इथरनेट) कॅमेरा डेटाबरोबर वीजही याच केबलमधून घेतो, आणि डीसी वीज सगळ्या तारेतून वाहते. मग आतलं ॲल्युमिनियम आडवं येतं. लांब ओढलेल्या केबलवर दिवसा ठीक चालणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागून वीज जास्त लागली की रीस्टार्ट होत राहतो. लोक कॅमेरा बदलतात, स्विच बदलतात, केबलकडे कुणी बघत नाही.

दुसरा त्रास जॅक लावताना. ॲल्युमिनियम ठिसूळ, दोनतीनदा वाकवलं की तुटतं. गिगाबिटला, म्हणजे हजार एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, शंभर एमबीपीएसला चार पुरतात. त्या चारांत नसलेल्या तपकिरी जोडीतली एक तार आत तुटली तरी नेट चालू राहतं, फक्त स्पीड ९४-९५ वर अडकतो आणि शिव्या खातो तो नेटवाला.

ओळखायचं कसं? ब्लेडने तार खरवडा, आत चंदेरी दिसलं की ती सीसीए. भंगारवाला हेच करतो, आणि तो फसत नाही. चुंबकाचा उपयोग नाही, तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही त्याला दाद देत नाहीत. मल्टिमीटर असेल तर ५० मीटर केबलच्या एका जोडीच्या तारा टोकाला एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला रोध मोजा. २४ गेज जाडीच्या तांब्याला साडेआठ ओहमच्या आसपास येतो, सीसीएला तेराच्या.

कॅट ५ई (सहाच्या आधीची प्रत) की कॅट ६, हा वाद माझ्या मते घरापुरता दुय्यम आहे. गिगाबिट दोन्हींवर १०० मीटरपर्यंत जातं. अस्सल तांब्याची ५ई मी सीसीएच्या ६ पेक्षा कधीही घेईन. जॅकमध्ये तारांच्या रंगांचा क्रम दोन्हींना एकच, आणि दोन्ही टोकांना तोच ठेवायचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

सीसीए आधीच भिंतीत गेली असेल तर लगेच भिंत फोडू नका. टीव्ही, कॉम्प्युटर तिच्यावर चालू द्या आणि कॅमेऱ्याला जवळच्या प्लगवरून वेगळा ॲडाप्टर द्या.