एआयचा तास आणि इंग्रजी शिकणारी मुलं : पार्श्वभूमी

ज्यांच्या घरी दुसरी भाषा बोलतात आणि ज्यांचं इंग्रजी अजून कच्चं आहे, अशी 50 लाखांहून अधिक मुलं अमेरिकेच्या सरकारी शाळांत आहेत, म्हणजे साधारण दहातलं एक. बहुतेकांची घरची भाषा स्पॅनिश, पण अरबी, चिनी, व्हिएतनामी आणि न्यू जर्सीत गुजरातीही. या मुलांच्या वर्गांत आता कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची टूम निघाली आहे. टूम नवी असली तरी तिच्यामागचं भांडण जुनं आहे.

1970 च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत चिनी बोलणाऱ्या सुमारे 1,800 मुलांना इंग्रजीसाठी कसलीच जादा मदत मिळत नव्हती. वर्ग तोच, पुस्तकं तीच, शिक्षक तेच, मग अन्याय कसला, असा शाळाखात्याचा पवित्रा. 1974 साली 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने खोडून काढला. ज्याला भाषाच कळत नाही त्याच्या हाती तेच पुस्तक दिल्याने समान वागणूक होत नाही, असं न्यायालय म्हणालं. मदत कशी द्यायची हे मात्र शाळांवर सोडलं.

बऱ्याच शाळांनी सोपी वाट धरली. मुलाला उठवून इंग्रजीच्या जादा तासाला बसवायचं, आणि तो तास काढायचा चित्रकला, संगीत, पुढे कॉम्प्युटर यांच्या वेळातून. आधी इंग्रजी, बाकीचं मग. तो 'मग' पुष्कळांच्या वाट्याला आलाच नाही. 1980 च्या दशकात ॲना चॅमो आणि मायकल ओ'मॅली यांच्यासारख्या अभ्यासकांनी उलट बाजू मांडली : विज्ञान, गणित शिकता शिकताच भाषा येते, थांबायचं कारण नाही.

यंत्राची गोष्ट वेगळ्या रस्त्याने चालली होती. 1967 साली मॅसॅच्युसेट्समध्ये सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. पॅपर्ट एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेतला माणूस, त्यामुळे मुलांना एआय शिकवणं ही काही चॅटजीपीटीनंतरची कल्पना नव्हे. 2007 साली 'स्क्रॅच' आलं, रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायची मुलांची भाषा. त्यातले ठोकळे मूल स्वतःच्या भाषेत वाचू शकतं, ही मोठीच सोय. कॅलिफोर्नियातल्या सांता आनामध्ये संशोधक आणि शिक्षकांनी याच 'स्क्रॅच'चे धडे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी बेतले. दोन्ही रस्ते मिळाले ते अशा ठिकाणी.

2018 साली 'एआय फॉर के-ट्वेल्व्ह' (के-ट्वेल्व्ह म्हणजे बालवाडी ते बारावी) या उपक्रमाने शालेय एआयच्या पाच मुख्य कल्पना ठरवायला घेतल्या. त्यातली एक मशीन उदाहरणांवरून शिकतं ही. गूगलच्या 'टीचेबल मशीन' या वेबसाइटवर ती अशी दिसते : कॅमेऱ्यासमोर पेन्सिल धरायची, मग पट्टी धरायची, दोन्हींचे भरपूर फोटो घ्यायचे आणि 'ट्रेन' (म्हणजे 'शिकव') हे बटण दाबायचं. मग खोडरबर दाखवला तरी मशीन बिनधास्त पेन्सिल किंवा पट्टीच म्हणतं, टक्केवारीसकट. वर्गात हशा पिकतो, आणि मग प्रश्न : असं का झालं? फळ्यावर अर्धं वाक्य तयार असतं, 'मला वाटतं मशीन चुकलं, कारण...' उरलेलं मुलानं पुरं करायचं. मोडक्या इंग्रजीतही इथे सांगण्याजोगं काहीतरी असतं. व्याकरणाच्या गाळलेल्या जागांत ते नसतं, असं माझं मत.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि या मुलांची एआयशी गाठ आरोपी म्हणून पडायची वेळ आली. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 साली मजकूर माणसाचा की यंत्राचा हे ओळखणारी सात 'एआय-पकड' सॉफ्टवेअरं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले, तर सरासरी 61 टक्के निबंध यंत्राने लिहिल्याचा निर्वाळा मिळाला. अमेरिकी आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. पुढचा शब्द जितका अपेक्षित, तितका मजकूर यंत्राचा, असा या सॉफ्टवेअरांचा हिशेब. नवी भाषा शिकणारा माणूस नेमके तेच मोजके, ओळखीचे शब्द वापरतो. एआय शब्दांचा अंदाज कसा बांधतं हे शिकवायला याहून चांगला धडा मिळणं कठीण.

2025 मध्ये सरकारी धोरण दोन दिशांना गेलं. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांनी शाळांत एआय शिक्षण वाढवण्याचा आदेश काढला. ऑगस्टमध्ये, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांबाबत शाळांची कर्तव्यं सांगणाऱ्या 2015 सालच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने मागे घेतल्या. 'लाऊ'चा निकाल मात्र रद्द झालेला नाही, त्यामुळे भाषेची मदत देण्याची शाळांची कायदेशीर जबाबदारी अजून उभीच आहे.