सुरूर ते पोलादपूर: दोन घाटांचा एक राज्यमार्ग

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट ओलांडला की थोड्या अंतरावर सुरूर फाटा लागतो. तिथून उजवीकडे वळलेला रस्ता वाई, पाचगणी, महाबळेश्वर करत मुंबई-गोवा महामार्गावरच्या पोलादपुरात उतरतो. कागदोपत्री हा एकच राज्यमार्ग. प्रत्यक्षात देशाकडून चढणारा पसरणी घाट आणि कोकणाकडून चढणारा आंबेनळी घाट असे दोन रस्ते महाबळेश्वरच्या माथ्यावर एकमेकांना भेटतात. माथ्यावर येणारी माणसं कुठल्या बाजूने येतात, यावर या दोन घाटांचं नशीब ठरत गेलं. कधी एका घाटाचे दिवस आले, कधी दुसऱ्याचे.

गाडीरस्ता होण्याआधी इथे राज्य होतं पार घाटाचं. महाडच्या बाजूने आलेला माल बैलांच्या पाठीवरून वर चढायचा आणि वाईच्या बाजारपेठेकडे जायचा. हा घाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात जकात आणि नाकेबंदी दोन्ही. जावळीच्या मोऱ्यांचं महत्त्व होतं ते यामुळेच. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि पार घाटावर नजर राहील अशा डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभा राहिला. १६५९ मध्ये अफजलखान वाईहून रडतोंडीच्या घाटाने जावळीत उतरला. घोडी, उंट, तोफा अशा लवाजम्याला ती उतरण किती जड गेली असेल, हे त्या घाटाच्या नावावरूनच कळावं. पार गावाजवळ कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आजही उभा आहे. या वाटेचा इतका जुना आणि इतका धडधाकट पुरावा दुसरा नाही, पण प्रतापगडला जाणाऱ्या दहा गाड्यांपैकी एखादीच तिकडे वळत असेल.

इंग्रजांच्या काळात या वाटेला नवं गिऱ्हाईक मिळालं. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून महाबळेश्वरचा माथा घेतला आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. माल्कम पेठ वसली. मुंबईचे साहेब उन्हाळ्यात इथे यायचे ते समुद्रमार्गे: बाणकोटच्या खाडीतून सावित्रीवर दासगाव-महाडपर्यंत, आणि पुढे पार घाटाने पालखीत किंवा घोड्यावर. महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटला ते नाव मिळालं तेही मुंबईचा जुना रस्ता त्या बाजूने जायचा म्हणून. गावातले रस्ते आणि बागा यांत चिनी आणि मलायी कैद्यांचे कष्ट आहेत. १८३४ च्या सुमारास आणलेले हे कैदी १८६४ पर्यंत इथल्या तुरुंगात होते. चायनामन धबधबा हे नाव त्यांच्यावरूनच आलं. बाकी त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

पालखीची वाट गाडीला चालणारी नव्हती. म्हणून १८७० च्या दशकात महाडकडून महाबळेश्वरवर चढणारा नवा घाट आखून बांधला गेला. १८६७ ते १८७२ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या फिट्झगेराल्ड यांचं नाव त्याला दिलं. हाच आजचा आंबेनळी घाट. चढ कमी ठेवायचा म्हणून रस्ता डोंगराच्या कडेकडेने लांबवत नेला, आणि त्यात पार गाव आडबाजूला पडलं.

नव्या घाटाची चलती मात्र फार टिकली नाही. १८८० च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे रेल्वे आली आणि वाठार स्टेशन झालं. खाडीतल्या बोटीची आणि भरती-ओहोटीची वाट बघण्यापेक्षा वाठारला उतरून टांग्याने वाई गाठणं सोयीचं झालं. रहदारी पसरणी घाटाकडे वळली. दरम्यान जॉन चेसन यांनी पाचगणी वसवून तिथे सिल्व्हर ओक लावले होते. पुढे शाळा आल्या, आरोग्यधाम आलं. त्यानंतर महाबळेश्वरचा पुढचा दरवाजा वाईकडे आणि मागचा पोलादपूरकडे, अशी जी वाटणी झाली ती आजतागायत कायम आहे.

या रस्त्याचा सर्वात गाजलेला दिवस ३० नोव्हेंबर १९५७. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंच्या हस्ते व्हायचं होतं आणि संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन ऐन भरात होतं. गडाकडे जाणारा रस्ता हाच, त्यामुळे समितीने निदर्शनांसाठी जागा निवडल्या त्याही याच रस्त्यावर: पसरणी घाटात आणि पोलादपूरच्या बाजूला. पंतप्रधानांचा ताफा काळ्या निशाणांच्या रांगांमधून गेला. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळे यांचं जन्मगाव, आणि बांधकाम व्यवसायात नाव काढलेले बी. जी. शिर्केही इथलेच.

आज सुरूरहून निघालं की वाईपर्यंत दुतर्फा जुने वड आहेत. रुंदीकरणाचा विषय निघाला की पहिला वाद या वडांवरून होतो, आणि व्हायलाच हवा. वाईनंतर पसरणी घाट, खाली धोम धरणाचं पाणी, वर पाचगणी, मग स्ट्रॉबेरीची शेतं. सुट्टीच्या दिवशी हा टप्पा म्हणजे सरकती गाडीतळं. महाबळेश्वर सोडून मेटतळ्याकडे उतरायला लागलं की रस्त्याचा स्वभाव बदलतो. रस्ता आधी कोयनेच्या खोऱ्यात वाडा कुंभरोशीला जातो, प्रतापगडचा फाटा सोडतो आणि मग सावित्रीच्या बाजूला कोसळतो. सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये साडेचार हजार फुटांवरून जवळजवळ समुद्रसपाटीला. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, मध्ये बुटका दगडी कठडा. आंधळ्या वळणावर समोरून एसटी आली तर कुणी मागे घ्यायचं हे भोंग्यावरच ठरतं.

आंबेनळीचा खरा शत्रू पाऊस. २०१८ च्या जुलैत दापोलीहून सहलीला निघालेल्या कर्मचाऱ्यांची बस इथे दरीत गेली आणि तीस जण मृत्युमुखी पडले. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाटात जागोजागी दरडी आल्या, काही ठिकाणी रस्ताच वाहून गेला आणि वाहतूक बंद करावी लागली. काळ्या कातळावरचा माती-मुरमाचा थर इतकं पाणी पिऊन सुटतो, त्यामुळे एका जागचा ढिगारा उपसून झाला की पुढच्या पावसात दुसरी जागा खचते. दरवर्षीच्या डागडुजीचा खर्च जातो तो इथे.

घाट बंद झाला की पर्यटकांना त्याचा त्रास कमीच होतो, कारण ते वाईमार्गे आलेले असतात. अडतात ते वाडा कुंभरोशी आणि पोलादपूर तालुक्यातल्या घाटपायथ्याच्या गावांचे लोक. त्यांना पर्याय दोनच: उत्तरेला भोर-महाडचा वरंध घाट, जो पावसाळ्यात बहुतेकदा बंदच असतो, नाहीतर दक्षिणेला पाटण-चिपळूणचा कुंभार्ली घाट, म्हणजे अख्ख्या दिवसाचा वळसा.