पेरणी आणि कापणी (ख्रिस्ती तत्त्व)

माणूस जे पेरतो त्याचेच पीक त्याच्या पदरात पडते, हे ख्रिस्ती नीतिशिक्षणातील एक पायाभूत तत्त्व. त्याचे सर्वांत परिचित रूप नव्या करारात, गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात (६:७–१०) येते. आजच्या तुर्कस्तानातील गलतिया प्रांताच्या मंडळ्यांना (ख्रिस्ती समुदायांना) प्रेषित पौलाने हे पत्र इ.स. ४८ ते ५५ च्या दरम्यान लिहिले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण तोंडात रुळलेली असल्यामुळे मराठी वाचकाला हे वचन चटकन पटते. मात्र पटते ते बहुधा कर्मसिद्धांताच्या अंगाने, आणि गल्लत तिथूनच सुरू होते. ख्रिस्ती मांडणीत पुनर्जन्म नाही. कापणी काही अंशी याच आयुष्यात आणि अखेरची न्यायाच्या दिवशी. फळ देणारा देव आहे आणि तो क्षमाही करतो. त्यामुळे हिशेब प्रत्येक वेळी तंतोतंत जुळत नाही.

पौल हे वाक्य सुटे लिहीत नाही. आधीच्या सहा वचनांत (६:१–६) तो नेमकी कामे सांगतो: चुकलेल्याला सौम्यपणे सावरा, एकमेकांची ओझी वाहा, स्वतःचे काम स्वतः पारखा आणि वचनाचे शिक्षण घेणाऱ्याने शिक्षकाला आपल्या चांगल्या गोष्टींत वाटा द्यावा. पेरणीचा दाखला या शेवटच्या सूचनेनंतर लगेच येतो. म्हणजे पौलाच्या मनातील ‘बी’मध्ये शिक्षकाच्या पोटापाण्याची सोयही येते. मार्टिन ल्यूथरने १५३१ मध्ये या पत्रावर व्याख्याने दिली. ती १५३५ मध्ये छापली गेली. या जागी आल्यावर लोक धर्मोपदेशकांना उपाशी ठेवतात, अशी तक्रार त्याने बरीच लांबवली आहे. पाळकाचा पगार थकवणाऱ्या मंडळ्यांना ती आजही झोंबेल.

पुढे पौल ‘देहासाठी’ पेरणे आणि ‘आत्म्यासाठी’ पेरणे असा भेद करतो (६:८). ‘देहासाठी’ पेरणे म्हणजे केवळ व्यसन किंवा व्यभिचार, असा समज रूढ आहे. पौलाने आदल्याच अध्यायात देहाच्या कर्मांची यादी दिली आहे (५:१९–२१). तिच्यातील जवळपास निम्म्या बाबी भांडणाच्या आहेत: वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, हेवा. त्या मंडळ्यांत लोक एकमेकांना ‘चावून खात’ होते (५:१५), हे ध्यानात घेतले की यादीचा रोख कळतो. आत्म्याच्या फळात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशा नऊ गोष्टी मोजल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक दुसऱ्या माणसाशी वागतानाच दिसतात.

शेतीची पार्श्वभूमी

बायबलमधील शेती आपल्या खरिपासारखी नाही. पॅलेस्टाईनमध्ये ऑक्टोबर–नोव्हेंबरच्या पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली की नांगरणी आणि पेरणी होई. मार्च–एप्रिलच्या शेवटच्या पावसावर दाणा भरे. सातू एप्रिलच्या सुमारास, वल्हांडण या यहुदी सणाच्या वेळी तयार होई आणि गहू पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत, मे–जूनमध्ये. पेरणी आणि कापणी यांत असे पाच ते सात महिने जात. ‘चांगले करण्याचा कंटाळा करू नये, योग्य वेळी पीक मिळेल’ (६:९) या आश्वासनाला ही प्रतीक्षा गृहीत आहे. बी हाताने फोकले जाई. येशूच्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात काही बी वाटेवर पडते; पाभरीने ओळीत पेरताना ते तिथे कसे पडेल, अशी शंका आपल्याकडच्या शेतकऱ्याला येते. फोकलेले बी मात्र पायवाट, खडकाळ जागा, काटेरी झुडपे आणि चांगली माती अशा चारही ठिकाणी सहज जाते (मत्तय १३). चांगल्या मातीतही तीसपट, साठपट, शंभरपट असा फरक पडतो. सारख्या कष्टाला सारखे फळ, असे ती गोष्ट सांगत नाही.

अश्रू ढाळत पेरणाऱ्यांचे चित्र स्तोत्र १२६ मध्ये आहे. त्याचा एक अर्थ असा लावतात, की टंचाईत घरात खायला हवे असलेले धान्यच बियाणे म्हणून मातीत टाकावे लागते. संदेष्टा होशेयचे ‘वारा पेरून वावटळ कापणे’ (८:७) मात्र राजकारणाला उद्देशून आहे. वासराची मूर्ती आणि अश्शूरच्या (असीरियाच्या) दाराशी घातलेले हेलपाटे यांवर भिस्त ठेवणाऱ्या इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याला तो सुनावतो. त्या राज्याची राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्याच हाती पडले.

व्यवहारात

पैशाबाबतचा तपशील करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत सर्वांत स्पष्ट आहे. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा होत होती. पद्धत अशी: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावे, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही (१ करिंथ १६:२). रक्कम मनात आधी ठरवावी आणि ती खुशीने द्यावी (२ करिंथ ९:७). ‘हात राखून पेरतो तो त्याच मानाने कापतो’ हे वाक्य याच ठिकाणचे (९:६). पैसे नेण्यासाठी पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन भाऊ पाठवले, कारण एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये (८:१६–२२). अनेक मंडळ्यांत दानपेटी दोघांनी मिळून मोजण्याची शिस्त आहे, तिला हा चांगला आधार आहे.

वाईट पेरले गेले असेल तर काय करावे, यालाही ठरलेली वाट आहे: आधी कबुली, मग भरपाई. मोशेच्या नियमशास्त्रात मुद्दल परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा (गणना ५:७). चोरलेले मेंढरू कापले किंवा विकले असेल तर एकास चार (निर्गम २२:१). जकातदार जक्कयाने ‘चौपट परत करतो’ म्हटले ते याच मापाने. ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ हा त्या चर्चचा अधिकृत ग्रंथही (परिच्छेद १४५९) सांगतो, की पापक्षमेने पाप जाते, पण त्यातून झालेली नासाडी आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करावे, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळावे. व्यभिचार आणि खून केलेल्या दावीद राजाला क्षमा मिळाली, तरी त्याच्या घरातला कलह संपला नाही (२ शमुवेल १२). प्रार्थनेत माफी मागितली, आता शेजाऱ्याचे उसने कशाला परत करायचे, असा सोयीचा अर्थ लावायला इथे जागा उरत नाही.

कुठे चुकते

पहिली चूक म्हणजे पिकावरून बी ओळखणे. आजारपण आले, मूल दगावले, धंदा बुडाला की ‘काहीतरी पेरले असेल’ असे म्हटले जाते. निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचा मित्र अलीफज नेमके हेच बोलतो (४:८). त्याचे वाक्य उपदेशांत बायबलची शिकवण म्हणून सर्रास वापरले जाते. त्याच ग्रंथाच्या शेवटी देव त्याच्यावर रागावतो (४२:७), हे कोणी सांगत नाही. जन्मांध माणूस कोणाच्या पापामुळे असा जन्मला, या प्रश्नाला येशूने ‘त्याच्याही नाही, आईबापांच्याही नाही’ असे उत्तर दिले (योहान ९:३), आणि शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते असे बजावले (लूक १३:४). शिवाय एक पेरतो आणि दुसरा कापतो, हेही खरे (योहान ४:३७).

दुसरी चूक दानाची गुंतवणूक करणे. अमेरिकी प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘बीज-विश्वास’ ही कल्पना रुजवली: देणगी हे बी, ते टाकून चमत्काराची अपेक्षा ठेवा. दूरचित्रवाणीवरून ती जगभर गेली आणि पुढे ‘शंभरपट परतावा’ अशा भाषेत उतरली. कर्ज काढून ‘बी’ टाकणारे गरीबच तिच्यात सर्वाधिक भरडले जातात. २०१० च्या केपटाऊन येथील लोझान परिषदेच्या (इव्हँजेलिकल ख्रिस्ती नेत्यांच्या जागतिक परिषदेच्या) जाहीरनाम्याने अशा समृद्धीच्या सुवार्तेवर कडक टीका केली. करिंथकरांस लिहिलेल्या पत्रातही फळ सांगितले आहे, पण ते ‘प्रत्येक चांगल्या कामासाठी’ पुरेसे असणे, गरजूंची गरज भागणे आणि देवाची उपकारस्तुती होणे असे आहे (२ करिंथ ९:८–१२).

सण आणि प्रथा

महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट मंडळ्यांत हंगामाच्या सणाला लोक धान्य, भाजीपाला, कोंबड्या, कधी बकराही घेऊन येतात; उपासनेनंतर लिलाव होऊन पैसा मंडळीच्या कामाला जातो. वसईच्या कॅथलिकांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण होतो आणि भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो. गोव्यात कणसांचे फेस्त असते. राय या गावी ते ५ ऑगस्टला साजरे होते. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० पासून चालवलेली रीत याहून साधी: प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी शिजवायच्या तांदळातून एक मूठ वेगळी काढायची, ती साठली की मंडळीने गोळा करून विकायची. त्या मुठींवर तिथल्या मंडळीच्या प्रचारकार्याचा बराच भार पेलला गेला आहे.