पार्श्वभूमी : बंगल्यापुढची हिरवळ आणि आपली हरळी

घरापुढे आखूड कापलेल्या गवताचा सलग हिरवा पट्टा असावा, ही हौस मूळची इंग्लंडची. तिथे पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडतो, ऊन मवाळ असतं, त्यामुळे गवत फारसे लाड न करता हिरवं राहतं. अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राउन या उद्यानरचनाकाराने बड्या जमीनदारांच्या आखीवरेखीव बागा मोडल्या आणि गवत थेट वाड्याच्या पायरीपर्यंत आणलं. ते आखूड ठेवायचं तर मेंढ्या सोडायच्या, नाहीतर लांब दांड्याच्या विळ्यांनी कापायचं. कापणारे गडी पहाटेच कामाला लागत, कारण दवाने भिजलेलं गवत पात्याखाली नीट येतं, सुकलं की नुसतं लवतं. इतकी माणसं राबवणं श्रीमंतांनाच परवडे. म्हणूनच हिरवळ ही ऐपतीची खूण ठरली.

ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला सुरुवात झाली 1830 नंतर. लोकरी कापडावरचे उभे तंतू छाटणारं गिरणीतलं यंत्र ग्लॉस्टरशायरमधल्या एडविन बडिंगला ठाऊक होतं. तीच फिरती पाती त्याने गवताला लावली आणि त्या वर्षी पेटंट घेतलं. हाताने ढकलायच्या मशीनमध्ये वळणदार पात्यांचा रूळ खालच्या स्थिर पट्टीला लागून फिरतो, ती रचना मुळात बडिंगची.

आपल्याकडे हिरवळ आली ती साहेबांच्या बंगल्यांबरोबर, कॅन्टोन्मेंट आणि जिमखान्यांतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हाइसरॉय कर्झनने ताजमहालाच्या बागेची डागडुजी करवली. मुघल बागेतल्या दाट झाडीऐवजी आज तिथे जी मोकळी हिरवळ दिसते, तिच्यावर इंग्रजी आवडीची छाप स्पष्ट आहे.

पण विलायती गवताचा आपल्या मे महिन्यापुढे निभाव लागणं कठीण. निभाव लागतो तो हरळीचा. गणपतीला वाहतो त्या दूर्वा हिच्याच, आणि शेतकरी वैतागून खणून काढतो तीही हीच. हरळीची एक कांडी उचलून पाहा : जमिनीवरून धावताना ती पेरापेराला मुळं सोडते, आणि जमिनीखाली तिचं पांढरट खोड वेगळंच पसरत असतं. नांगराने त्याचे तुकडे झाले तरी पेर असलेला तुकडा पुन्हा फुटतो. शेतात नको असलेला हा गुण हिरवळीला मात्र नेमका हवा असतो. अमेरिकेत हिलाच बर्म्युडा ग्रास म्हणतात. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथे ग्लेन बर्टन यांनी तिचा आफ्रिकेतल्या एका भाऊबंदाशी संकर करून गोल्फच्या मैदानांसाठी 'टिफग्रीन', 'टिफवे' अशा जाती काढल्या. त्यांतल्या काही आता भारतातल्या मैदानांवरही आहेत.

गवत आपलं झालं, पण ते राखण्याच्या सवयी इंग्लंडच्याच राहिल्या, ही खरी अडचण. बारमाही हिरवाईचा हट्ट चार महिन्यांच्या पावसावर भागत नाही. एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितलं. मैदानांवर शिंपडायच्या पाण्याचा हिशेब तेव्हा भर कोर्टात मांडला गेला. घरच्या हिरवळीचाही तसाच मांडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

उन्हाळ्यात हरळी तपकिरी पडली की ती मेली असं समजून रोज पाइप धरणं चूक आहे. खालचं खोड जिवंत असतं, पाऊस पडला की फुटतं. पाणी द्यायचंच तर रोज वरवर शिंपडण्यापेक्षा काही दिवसांआड खोलवर मुरेल असं द्यावं, म्हणजे मुळंही खोल जातात. कापताना एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नये. सावली मात्र हरळीला अजिबात मानवत नाही. आंब्याखाली ती विरळ पडली तर कितीही खत घातलं तरी उपयोग नाही. तिथे फांद्या छाटून ऊन आत येऊ द्यावं, नाहीतर सावलीत वाढणारं दुसरं काही लावावं.