कोसळत्या भिंतीची भूमिती

'स्टीमबोट बिल, ज्युनियर' (१९२८) या मूकपटात वादळ घोंघावतंय, विनोदी नट बस्टर कीटन रस्त्यात बावचळून उभा आहे आणि मागच्या घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर येते. वरची उघडी खिडकी नेमकी त्याच्यावरून निसटते आणि तो जिथल्या तिथे उभा! भिंत खरी होती, वजन सुमारे दोन टन. कॅमेऱ्याची करामत काहीही नाही.

याला लोक धाडस म्हणतात. ते होतंच, पण मला त्यातलं गणित जास्त आवडतं.

अशी भिंत पायथ्याशी बिजागरीवर फिरते, म्हणजे तिचा प्रत्येक बिंदू वर्तुळाचा चाप काढत खाली येतो. चार मीटर उंचीवरचा बिंदू पायथ्यापासून बरोबर चार मीटरवरच आपटणार. टाचा कुठे ठेवायच्या हे टेपने मोजून ठरतं. डोक्याचं काय? भिंत तिरपी असतानाच डोक्यापाशी पोहोचते. तिथे पायथागोरस मदतीला येतो. कीटनची उंची साधारण १.६५ मीटर. तो चार मीटरवर उभा राहिला, तर बिजागरीपासून डोक्यापर्यंतचा कर्ण भरतो ४.३३ मीटर. म्हणजे टाच आणि डोकं यांच्यात फरक फक्त ३३ सेंटिमीटरचा! एक मीटरवर उभा राहिला असता, तर तोच ९३ झाला असता. खिडकी जितकी वर, तितकी ती आखूड चालते. (चार मीटर हा आकडा मी हिशेबापुरता घेतलाय.)

कीटनने चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोकळे सोडले होते. टाचांच्या जागी जमिनीत खिळे ठोकले होते. भिंत मुद्दाम जड बांधली, कारण वादळासाठी लावलेल्या पंख्यांच्या झोतात हलकी भिंत पिळवटली असती आणि मग सगळी भूमितीच बिघडली असती. छोट्या भिंतीवर हाच प्रयोग त्याने १९२० च्या 'वन वीक'मध्ये करून पाहिला होता.

आईवडिलांच्या विनोदी खेळात तो लहानपणापासून रंगमंचावर फेकला जायचा, त्यामुळे पडायचं कसं हे त्याच्या अंगात मुरलेलं. तरी घात केला तो पाण्याने. 'शेरलॉक ज्युनियर'च्या (१९२४) चित्रीकरणात रेल्वेच्या टाकीच्या नळातून पाण्याचा लोंढा अंगावर आला आणि त्याची मान रुळावर आदळली. काही दिवस डोकं ठणकलं, पण काम चालूच राहिलं. मानेचं हाड मोडलं होतं हे कित्येक वर्षांनी एक्स-रे काढल्यावर कळलं. तोवर ते आपलं आपण जुळूनही आलं होतं.